साभार परत

पूर्वी लेखकाच्या घरी टपाल आले, की पाकीट फोडण्याआधीच निकाल समजत असे. पाकीट पातळ असेल तर लेख घेतला. जाड असेल तर हस्तलिखित स्वगृही परतले! सोबत 'साभार परत' अशी छापील चिठ्ठी. आभार नेमके कशाबद्दल, हे मात्र संपादकांनी कधी सांगितले नाही. आता सारा कारभार ई-मेलवर चालतो. पाकिटाची जाडी गेली. छातीतली धडधड तेवढी राहिली आहे.

कथा-कवितांचे एक बरे असते. संपादकाला आवडली की छापली. पण मी पडलो कॉलेजातला मराठीचा मास्तर. आम्ही लिहितो ते शोधनिबंध, आणि शोधनिबंध एकट्या संपादकाच्या आवडीवर छापायचा नसतो. त्याचे रीतसर परीक्षण व्हावे लागते. बढतीच्या वेळी असे परीक्षण होऊन छापलेले निबंध मोजले जातात. त्यामुळे या परीक्षणात विद्येइतकाच संसारही गुंतलेला असतो.

मागे माझा एक निबंध असाच परीक्षणात अडकला होता. सात महिने झाले तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, एवढं करतात तरी काय त्याचं?"

"बघायला दिलाय."

"कोणाला?"

"ते सांगत नाहीत."

"आणि त्यांना तरी माहीत आहे का, तुम्ही लिहिलाय ते?"

"नाही. माझं नाव काढून टाकतात."

"अगं बाई! म्हणजे मुलगी दाखवायची, पण तिचं नाव सांगायचं नाही, आणि बघायला आलेली मंडळी पडद्याआड!"

तिने चेष्टा केली खरी, पण पद्धत अचूक सांगितली. निबंध आला की आधी संपादक तो चाळतो. विषय आपल्या नियतकालिकात बसणारा नसेल तर तिथूनच परत. लग्नाच्या बोलण्यात 'पत्रिका जुळत नाही' म्हणतात, तसेच हे. आमच्याकडे न जुळणारी पत्रिका छापखान्यातून येते, एवढाच फरक. जुळली, तर लेखकाचे नाव झाकून निबंध बहुधा दोन जाणकारांकडे जातो. हे काम ते सहसा फुकट करतात. मग चारांपैकी एक शिफारस येते : आहे तसा छापा, थोडा दुरुस्त करून घ्या, पुष्कळ दुरुस्त करून पुन्हा पाठवायला सांगा, किंवा नको. दोघांचे पटले नाही तर तिसऱ्याला विचारतात. शेवटचा शब्द मात्र संपादकाचा. परीक्षक हा सल्लागार. निकाल देणारा नव्हे.

नाव झाकण्याचा हेतू चांगला, पण मराठीत तो साधायचा कसा? महानुभावांच्या सकळ लिपीवर लिहिणारी माणसे एका मिनीबसमध्ये सहज मावतील. पहिली तळटीप वाचताच परीक्षक लेखकाला ओळखतो आणि अभिप्रायाचे पहिले वाक्य वाचताच लेखक परीक्षकाला! पुढच्या चर्चासत्रात दोघे शेजारी बसून जेवतात आणि त्या विषयावर चकार शब्द काढत नाहीत.

ही पद्धत आपल्याला वाटते तेवढी सनातन नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे नियतकालिक हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 1665 साली सुरू केले, तेव्हा निवड बहुतांशी त्यांचीच असे. 1752 पासून ते काम समितीकडे गेले आणि 1830 नंतरच्या वर्षांत जाणकारांकडून लेखी अभिप्राय मागवण्याची चाल पडली. 'नेचर'ने तर असे परीक्षण सक्तीचे केले ते 1973 साली. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा सुप्रसिद्ध लेख या परीक्षेला बसलाच नव्हता.

पण परीक्षण म्हणजे काय, हे मला तारखांपेक्षा दोन माणसांच्या हकिगतींनी अधिक शिकवले. पहिली आपल्या मुंबईतली. जॉन जेम्स वॉटरस्टन हे इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या नौदलातल्या उमेदवारांना शिकवीत. म्हणजे आमच्यासारखेच मास्तर. वायूचे कण सतत धावत असतात आणि उष्णता ही त्यांच्या धावण्यातच असते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला आणि 1845 साली तो निबंध रॉयल सोसायटीकडे धाडला. एका परीक्षकाने त्याला निव्वळ मूर्खपणा ठरवले. निबंध छापला नाही, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे परतही केला नाही. वॉटरस्टन यांनी नक्कल ठेवली नव्हती. पुढे 1860 साली मॅक्सवेल यांनी त्याच वाटेने जाऊन कीर्ती मिळवली. वॉटरस्टन 1883 साली वारले. लॉर्ड रॅली यांना तो निबंध 1891 साली सोसायटीच्या दप्तरात सापडला आणि 1892 साली त्यांनी तो छापला. या माणसाच्या नशिबी 'साभार परत'सुद्धा नव्हते!

दुसरी हकिगत खुद्द आइन्स्टाइन यांची. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असे म्हणणारा निबंध त्यांनी नेथन रोझेन यांच्याबरोबर लिहिला आणि 1936 साली 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादकांनी तो परीक्षकाकडे दिला. दहा पानांचा अभिप्राय आला. त्यात चूक कुठे आहे ते दाखवले होते. आइन्स्टाइन रागावले. आम्ही निबंध छापायला पाठवला होता, दुसऱ्याला दाखवायला नव्हे, अशा अर्थाचे पत्र लिहून त्यांनी तो परत घेतला आणि दुसरीकडे दिला. परंतु मधल्या काळात रॉबर्टसन नावाच्या शास्त्रज्ञाने त्यांच्या साहाय्यकाला ती चूक समजावून दिली, आणि 1937 साली निबंध छापून आला तो निष्कर्ष बदलूनच. तो अनामिक परीक्षक म्हणजे हेच रॉबर्टसन, हे जगाला 2005 साली कळले. आणि त्या लहरी? 2015 साली त्यांची प्रत्यक्ष नोंद झाली!

एकाला एका वाक्यात निकाल मिळाला, दुसऱ्याला दहा पानांचे वाचन. मला वाटते, परीक्षणाचे सारे मोल या फरकात आहे. निकाल चुकेल, बरोबर येईल, माणसेच ती. पण आपले लिखाण कोणी शेवटपर्यंत वाचले की नाही, हे लेखकाला अभिप्रायावरून लगेच कळते. माझ्या त्या निबंधावर सात महिन्यांनी दोन वाक्ये आली : विषय जुना आहे. नवीन काही नाही. नकाराचे दुःख चार दिवसांत विरले; पण त्या दोन वाक्यांत माझ्या निबंधातला एकही शब्द नव्हता, हे अजून सलते. उलट पैसे घेऊन दोन दिवसांत स्वीकृती कळवणारी दुकानेही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली चांगल्या नियतकालिकांची यादी केली आणि 2025 साली ती बंदही केली. दुकाने मात्र चालूच आहेत. तिथे नकाराचे भय नाही, कारण तिथे वाचणारेच कोणी नाही.

सध्या माझ्या टेबलावर असाच एक बिननावाचा निबंध आहे. जात्यावरच्या ओव्यांवर. लिहिणारा तो की ती, ठाऊक नाही. पहिली आठ पाने म्हणजे इतरांच्या पुस्तकांचा सारांश. तिथेच थांबून 'नवीन काही नाही' असे लिहिले असते, तर कोणी मला दोष दिला नसता. पण अकराव्या पानाच्या तळाशी, सतराव्या तळटीपेत, एका आजीबाईंनी ओवी म्हणताना एक शब्द बदलला आणि का बदलला तेही सांगितले, याची नोंद आहे. ती कोणत्याही पुस्तकातली नाही. त्यासाठी कोणीतरी त्या ओसरीवर तासन्‌तास बसलेले आहे.

मी तीन पाने लिहिली. पुष्कळ दुरुस्ती सुचवली : पहिली आठ पाने काढा, आजीबाईंना तळटीपेतून वर आणा, त्यांच्या आणखी ओव्या द्या. संपादक काय ठरवतील ते त्यांच्याकडे. लेखकाला राग येईल, कदाचित बढतीचे वर्षही हुकेल. त्याचे मला वाईट वाटते. माझे नाव त्याला कळणार नाही, कळूही नये. आपली सतरावी तळटीप कोणीतरी वाचली, एवढे मात्र नक्की कळेल.