तेल जातं कुठं?

मामांची जीप महिंद्राची, सीजे-३बी, साठच्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढं हे उंच बॉनेटचं मॉडेल कित्येक वर्षं काढलं. बॉनेट उंच, कारण आतल्या 'हरिकेन' इंजिनाचे इनटेक व्हॉल्व हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व ब्लॉकमध्ये. इंजिनच डोकं वर काढून बसलेलं. चार सिलिंडर, २.२ लिटर, क्रँकला तीन मेन बेअरिंग.

तर हे इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधून आलं. क्रँक ग्राइंड केलेला, २० थाऊ अंडरसाइझ शेल, बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा, टायमिंग गिअरही नवे. आवाज छान, धूर अजिबात नाही. पण पन्हाळ्याचा घाट चढून वर गाडी नुसती चालू ठेवून उभी केली की डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा.

"सायेब, नवं इंजिन हाय, जरा आवळ असतंय. हजारभर किलोमीटर पळू द्या, दिवा आपोआप जातोय," मिस्त्री म्हणाले. हे मला पटण्यासारखं नव्हतं. आवळ बेअरिंगमध्ये दाब जास्त दिसायला हवा. गाडी पळेल तशी फट वाढतच जाणार, कमी थोडीच होणार आहे? त्यांचा दुसरा उपाय जास्त घट्ट तेल टाकायचा आणि तिसरा रिलीफ व्हॉल्वच्या स्प्रिंगखाली एक वॉशर सरकवायचा. दोन्हीनं दिवा कदाचित विझला असता. रोग तिथंच राहिला असता.

माझी नोकरी साखर कारखान्यात मेंटेनन्सला गेली, त्यामुळं पंप आणि दाब यांच्याशी माझी जुनी ओळख आहे. ऑइल पंप दाब देत नाही, तो तेल ढकलतो. ढकललेल्या तेलाला पुढं जितकी अडचण, तितका दाब. उसाला ठिबक केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही: मोटर ठणठणीत असते, पण लांबच्या एका नळीची टोकाची टोपी निघालेली असली की अख्ख्या सरीला पाणी पोचत नाही. तेव्हा दाब का कमी, हा प्रश्न बाजूला ठेवून मी तेल जातंय कुठं तेच शोधायचं ठरवलं.

आधी दिव्याचा स्विच काढला आणि त्या भोकात मेकॅनिकल गेज बसवलं. थंड इंजिनाला ३५ पौंड, तापल्यावर स्लो चालीला ४, रस्त्यावर १५. या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये किमान सुरक्षित आकडे स्लो चालीला ६ आणि ताशी ३५ मैलांना २० असे दिलेत. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

मग डिपस्टिक काढून वास घेतला. मेकॅनिकल फ्युएल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं आणि तेल पातळ करतं. पातळीही खाली जायच्या ऐवजी वर चढलेली दिसते. इथं तसं काही नव्हतं. पुढची पाळी फिल्टरची. या इंजिनाचा फिल्टर बायपास जातीचा, म्हणजे सगळं तेल त्यातून जात नाही; एका बारीक भोकातून थोडं थोडं जातं आणि चेंबरमध्ये परततं. ते भोक कुणी मोठं केलं किंवा भलताच निपल लावला तर अर्धा दाब तिथंच पळतो. फिल्टरची नळी काढून तोंड बंद केलं. काटा जेमतेम हलला.

रिलीफ व्हॉल्व पंपाच्या अंगावरच आहे, बाहेरून नट काढला की स्प्रिंग आणि प्लंजर हातात येतात. कचरा अडकून प्लंजर उघडा राहिलेला नाही, एवढीच खात्री करायची होती. तो गुळगुळीत सरकत होता. पंप काढणं मात्र जिवावर येतं, कारण डिस्ट्रिब्युटर पंपाच्याच शाफ्टवर फिरतो. खुणा न करता पंप ओढला की इग्निशनचं टायमिंग गेलंच. खुणा करून काढला. रोटरच्या फटी फीलर गेजनं पाहिल्या, झाकणाचं पॅकिंगही पातळ कागदाचंच होतं. पंप निर्दोष सुटला.

आता राहिली बेअरिंगं. मामा तोपर्यंत क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला न्यायच्या तयारीत होते. त्यांची भीती खोटी नव्हती. बेअरिंगची फट दुप्पट झाली तर तिच्यातून गळणारं तेल आठपट होतं, त्यामुळं थाऊ-अर्ध्या थाऊचीही चूक महाग पडते. पण ती फट उघडून मोजण्याआधी गळती डोळ्यांनी पाहता येते, आणि ही जुनी चाचणी आजकाल कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं.

चेंबर उतरवला. पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी पॅकिंगसह आवळली. रंग फवारायच्या प्रेशर पॉटमध्ये तेल भरलं, कॉम्प्रेसरची हवा २५ पौंडांवर बांधली आणि पॉटची नळी गेजच्या भोकाला जोडली. खाली मोठा ट्रे, हातात बॅटरी. थोड्या वेळानं मधल्या मेन बेअरिंगच्या कडेला तेलाचा एक थेंब फुगला, लोंबला, पडला. मग दुसऱ्या बाजूनं एक. मिनिटाला २० ते १५० थेंब म्हणजे बेअरिंग ठीक, असा जुना हिशोब आहे. मामा हँडलनं क्रँक सावकाश फिरवत होते, कारण जर्नलमधलं तेलाचं भोक शेलच्या खाचेसमोर आलं की थेंब वाढतात आणि पुढं सरकलं की कमी होतात. तिन्ही मेन, चारही कनेक्टिंग रॉड, सगळीकडं थेंबच.

पण पुढं, टायमिंग कव्हरच्या उघड्या बुडातून, थेंब नव्हते. करंगळीएवढी अखंड धार ट्रेमध्ये पडत होती.

"आयला, हितनं काय मूत लागलंय!" मामा म्हणाले.

रेडिएटर, पंखा, पुली, कव्हर. आत टायमिंग गिअरच्या दातांवर तेल उडवायला ब्लॉकच्या तोंडावर एक छोटं नोझल असतं, त्याचं भोक एक मिलिमीटरच्या आसपास. आमच्या ब्लॉकवर नुसतं आटे पाडलेलं भोक होतं, नोझल नव्हतंच. ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत घालताना गॅलरीचे प्लग आणि नोझल काढून ठेवतात. प्लग परत लागले, कारण ते विसरले तर तेल बाहेर दिसतं. नोझल विसरलं तर तेल आतल्या आत पडतं आणि परत चेंबरमध्येच जातं, थेंबभरही कमी होत नाही. भोकाचा व्यास सहापट झाला की तोंड छत्तीसपट मोठं होतं, तेव्हा बिचाऱ्या पंपानं किती ढकलायचं?

कोल्हापुरात राहायचा फायदा अशा वेळी कळतो. शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडं गेलो. भंगारातल्या जुन्या जीप इंजिनाचं नोझल नमुन्याला मिळालं होतं. त्यानं ते चिमटीत धरून उजेडाकडं केलं, डोळा लावला, आटे गेजवर लावून पाहिले आणि पितळी सळई चकमध्ये पकडली. आटे पाडून झाल्यावर बारीक ड्रिल घालताना मात्र तो माझ्याशी बोलायचा थांबला. एवढं बारीक ड्रिल जरा तिरकं गेलं की आत मोडतं. पैसे विचारले तर म्हणाला, "ह्याचं काय घेऊ सायेब, चहा सांगा."

चेंबर उघडाच होता म्हणून एक मेन कॅप काढून शेल पाहून घेतला. कमी दाबावर चाललेल्या शेलवर चमकते ओरखडे दिसतात. इथं सगळीकडं एकसारखा राखाडी रंग होता. प्लास्टिगेजची मेणाची दोरी ठेवून कॅप टॉर्कला आवळली, परत काढली: फट दोन थाऊच्या आसपास. मुळात २.३३३ इंचांच्या जर्नलला हे अगदी बरोबर. ग्राइंडिंगवाल्यानं आपलं काम चोख केलं होतं.

जोडून झाल्यावर थंड इंजिनाला ४५, घाट चढून स्लो चालीला १५, रस्त्यावर ३८. तेल पूर्वीचंच, स्प्रिंगखाली वॉशर नाही. गेज तात्पुरतं लावलं होतं, पण मामांनी ते काढू दिलं नाही, स्टिअरिंगशेजारी पट्टी ठोकून कायमचं बसवून घेतलं. आता त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा त्या काट्याकडंच जास्त असतं, म्हणून घाटात गाडी मी चालवतो.