तांब्याचं वायसर

बहिरम मागे पडलं आणि रस्ता सातपुड्याला भिडला. जानेवारीतली सकाळ होती, अकरा वाजत आले होते, तरी सावलीत शिरलं की जॅकेटच्या आत गारवा जाणवायचा. दुसऱ्या चढावर इंजिनातून ठक्‌ ठक्‌ असा आवाज येऊ लागला. आधी वाटलं, चेन सैल झाली असेल. शंभरेक मीटर गेलो असेन तोच आवाज जड झाला, कुणी आतून हातोडी मारावी तसा. आणि मागचं चाक एकाएकी जागच्या जागी धरलं गेलं. हात आपोआप क्लचवर गेला म्हणून पडलो नाही. गाडी घरंगळत कडेच्या मुरमावर जाऊन थांबली.

खाली वाकून पाहिलं. इंजिनाचं पोट, सायलेन्सर, मागच्या चाकाची रिम, सगळं काळ्या ऑईलने माखलेलं. ड्रेन बोल्टला बोट लावलं तर तो बोटाने फिरला. किकवर उभा राहिलो, पूर्ण वजन टाकलं, पण किक तसूभरही खाली गेली नाही.

निघायच्या दोन दिवस आधी ऑईल मीच बदललं होतं. ड्रेन बोल्टखाली तांब्याचं एक पातळ वायसर असतं. ते एकदा आवळलं की दबतं, बसतं. पुन्हा तेच लावलं तर धरत नाही. हे मला माहीत होतं. नवं वायसर घरात नव्हतं, दुकान बंद झालं होतं, रात्रीचे दहा वाजले होते. जुनंच पुसून लावलं. पुढे साडेपाचशे किलोमीटर ते थेंब थेंब गळत राहिलं असणार, हादऱ्यांनी बोल्ट सैल होत गेला असणार. शेगावहून पहाटे अंधारात निघालो तेव्हा इंजिनाच्या काचेतून ऑईलची पातळीही पाहिली नाही. ती दोन सेकंदांची गोष्ट होती. आजही मला त्या दोन सेकंदांचं वाईट वाटतं.

बेत अमरकंटकचा होता. पुणे ते अमरकंटक, एकट्याने, अकरा दिवसांत जाऊन-येऊन. परतवाड्याहून बैतूल, पुढे पचमढीच्या पायथ्याने जबलपूर, तिथून मैकलच्या डोंगरात नर्मदेच्या उगमाशी. या रजेसाठी वर्षभर वाट पाहिली होती. पहिल्या दिवशी छत्रपती संभाजीनगर, जालना, चिखली, खामगाव करत शेगाव गाठलं आणि मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम आडवाटेने अडगाव, अकोट, अंजनगाव असा आलो. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावच्या मैदानावर आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. महिनाभरात अंजनगाव-सुर्जीला शिंद्यांचा तह झाला. आता तिथे तुरी उभ्या आहेत, कपाशीची शेवटची वेचणी चालू आहे, आणि पथ्रोटच्या बाजूला पानमळ्यांच्या गर्द भिंती. पानपिंपळीचं पीक मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं. परतवाड्यात टाकी काठोकाठ भरली, कारण पुढे घाटात पंपाचा भरवसा नव्हता. सगळं ठरवल्यासारखं चाललं होतं.

घाटात तासभर उभा होतो. माझ्याकडे पाने होते, पंक्चरचं सामान होतं, क्लच वायर होती, दोन दिवसांचं खाणं होतं. धरलेल्या इंजिनापुढे त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. शेवटी खालून एक मोटारसायकलवाला आला. थांबला. "काय झालं भाऊ? कुठून येऊन राह्यले?" मी सांगितलं. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्या नंबरप्लेटकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पुन्याहून? एकटेच? बाप्पा!" त्याने टोचन करून उतारावरून मला बहिरमपर्यंत आणलं. दोरी त्याचीच होती, पेंडीच्या पोत्यांची. गिअर अडकून माझं मागचं चाक धरलेलं, म्हणून आधी चेन उतरवावी लागली. हातभर काळं झालं, पण चाक मोकळं झालं.

बहिरमला यात्रा भरलेली होती. डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभराहून जास्त ती चालते. राहुट्या, चुलींचा धूर, मातीच्या हंडीत शिजणारं मटण आणि निखाऱ्यावर भाजलेले रोडगे. वऱ्हाडातली माणसं या यात्रेला जेवायला म्हणून कुटुंबं घेऊन येतात, दोन-दोन दिवस राहतात. त्या माणसाने मला एका राहुटीत बसवलं, स्वतः फिरून हंड्या उतरवून रिकामी जाणारी एक पिकअप शोधली, चार जणांना बोलावून गाडी वर चढवली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "अचलपूरले नेजो. चाचाकडं सोडजो, दुसऱ्या कोनाकडं नाई." पैसे पुढे केले तर त्याने हात मागे घेतला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

परतवाडा आणि अचलपूर म्हटलं तर एकच गाव, म्हटलं तर दोन. परतवाडा म्हणजे जुनी छावणी. निजामाच्या फौजेचा तळ इथे होता, म्हणून रस्ते सरळ, पटांगणं मोठी, आणि मेळघाटच्या सागवानाचा लाकूडबाजार. अचलपूर म्हणजे कोटाच्या आतलं शहर, अरुंद गल्ल्यांचं. १४९० मध्ये फतहुल्ला इमादुलमुल्कने इथे वऱ्हाडची स्वतंत्र गादी स्थापन केली आणि चौऱ्याऐंशी वर्षं इमादशाही टिकली. इंग्रजांच्या कागदांत हे एलिचपूर. १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, मग अमरावतीत मिसळला. एवढं मोठं राजधानीचं गाव, आणि आज चिखलदऱ्याला जाणारे हजारो लोक परतवाड्याच्या चौकात चहा पिऊन वर निघून जातात. मीही सकाळी तेच केलं होतं. अचलपूर दीड-दोन मैलांवर आहे हे ठाऊक असूनही तिकडे मान वळवली नव्हती.

चाचांचं दुकान एका जुन्या वेशीच्या आत. पत्र्याची शेड, मातीची जमीन ऑईलने काळी आणि टणक झालेली, भिंतीवर पाने आकाराप्रमाणे लावलेले. वय साठीच्या पुढे. त्यांनी काहीच विचारलं नाही. ड्रेन बोल्ट काढला, खाली ताटली धरली. सव्वादोन लिटर ऑईल असायला हवं होतं, पेलाभर निघालं. ते त्यांनी दोन बोटांत घेतलं, चोळलं आणि उन्हात नेऊन मला दाखवलं. बोटांवर बारीक चमक पसरली होती, रांगोळीत अभ्रक मिसळावं तशी.

"हे पाहा. चांदी."

ऑईलमध्ये चांदी आली म्हणजे आतला धातू झिजून बाहेर पडला. त्यांनी हेड उतरवलं, ब्लॉक उतरवला. पिस्टनच्या एका अंगाला उभे ओरखडे होते, नखाला लागतील असे. पण खरं नुकसान खाली होतं. कनेक्टिंग रॉड हाताने धरून त्यांनी वर-खाली केला. तो हलायला नको, आणि तो टक्‌ टक्‌ वाजत होता. क्रँकवरच्या बेअरिंगजवळचं पोलाद निळं पडलेलं. आधी पिवळसर, मग जांभळं, मग मोरपंखी निळं. तेल न मिळाल्याने तापून आलेला तो रंग. दिसायला सुंदर होता, आणि म्हणूनच त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

"बोर-पिस्टन करून देतो मी, दोन दिवसांत," चाचा म्हणाले. "पन क्रँक नागपूरहून येईन. सन आहे, पाच दिवस धरा. मंग पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाई. अन् तुमाले घाट चढायचा, जंगलातून जायचं, एकटं." ते थांबले. "तुमची गाडी हाय. पन माहं आईकसान तं हिले पुळे नेऊ नका."

मी बराच वेळ तिथे स्टुलावर बसून होतो. मनात दिवसांचा हिशेब चालू होता. पाच दिवस इथे, उरले चार, त्यात अमरकंटक जाऊन-येऊन नाहीच. निदान होशंगाबादपर्यंत, निदान नर्मदा एकदा पाहून. चाचा दुसऱ्या गाडीचं काम करत राहिले, मला घाई केली नाही. शेवटी मी म्हणालो, "परत नेतो." ते फक्त "हौ" म्हणाले आणि पोराला चहा आणायला पाठवलं.

गाडी न्यायला टेम्पो तिसऱ्या दिवशी मिळणार होता. मधले दोन दिवस मी अचलपूर पायी फिरलो. पहिल्या दिवशी मन लागत नव्हतं. दर तासाला मनात यायचं, आत्ता बैतूल आलं असतं, आत्ता इटारसी. दुसऱ्या सकाळी हौज कटोऱ्यावर गेलो. गावाबाहेर शेतांच्या कडेला गोल हौद, आणि हौदाच्या मधोमध मजल्यावर मजला चढवलेला अष्टकोनी दगडी मनोरा. हौदात गवत होतं. वरच्या कमानींत पोपटांचा गोंगाट. भोवती पाणी असताना इथे नावेतून यावं लागत असेल, संध्याकाळी दिवे लागत असतील. दोन तास मी तिथे एकटा होतो. एवढी देखणी वास्तू, आणि तिकडे जाणारी वाट बाभळींतून शोधावी लागते, याचा मला राग आला. आपण परराज्यांतल्या विहिरी-बारवा पाहायला हजार किलोमीटर जातो. मीही गेलो आहे.

वाचलेलं एक तिथे बसल्यावर आठवलं. अडगावची लढाई जिंकून वेलस्ली गाविलगडावर निघाला तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो एलिचपुरात एक दिवस थांबला, आणि जखमींसाठी इथे इस्पितळ मांडून पुढे गेला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. ज्यांना पुढे जाता येत नव्हतं ते इथे राहिले. दोन दिवस या गावात राहिल्यावर त्या न गेलेल्यांचीच आठवण मला जास्त येते. त्यांना इथे पाणी कोणी पाजलं असेल?

दुपारी स्टेशनात गेलो. शकुंतलेचं शेवटचं स्टेशन. मूर्तिजापूर ते अचलपूर, ७६ किलोमीटरची नॅरोगेज, रुळांतलं अंतर अवघं ७६२ मिलिमीटर. १९१३ मध्ये सुरू झाली ती वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाईनीवर आणि तिथून मुंबई बंदरात न्यायला. लाईनीची मालकी विलायती कंपनीकडे होती आणि देश स्वतंत्र झाल्यावरही ती कितीतरी वर्षं तशीच राहिली. गाडी ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. कापूस जिकडे जायचा तिकडूनच ते आलं होतं. सत्तर वर्षं चाललं. १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल आलं. मूर्तिजापूरला पोचायला चार तास लागायचे. गाडीतलेच लोक उतरून फाटक लावायचे, गाडी पुढे काढायचे, पुन्हा उतरून फाटक उघडायचे.

आता रूळ गवतात आहेत. मी रुळांमधून थोडा चाललो. एका ठिकाणी बाभूळ बरोबर दोन रुळांच्या मधे उगवून मनगटाएवढी झाली होती. फलाटावर एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. त्यांनीच सांगितलं, लग्न झालं तेव्हा ते दर्यापूरहून बायकोला याच गाडीने घेऊन आले होते, वाटेत इंजिनाला पाणी भरेपर्यंत वऱ्हाडी खाली उतरून हुरडा खाऊन आले. "गरिबाची गाडी होती ना बावा ते. पाच-दहा रुपयांत मानूस मूर्तिजापूर पाहे." मी विचारलं, पुन्हा सुरू होईल का. ते म्हणाले, "होईन म्हन्तात," आणि रुळांकडे बघत राहिले. ही गाडी पुन्हा चालायला हवी. मोठी लाईन होवो की हीच राहो, पण दर्यापूर-अंजनगावच्या माणसाला चार पैशांत जाता-येता यायला हवं. एसटीच्या तिकिटाशी मजुरीचा मेळ बसत नाही, हे त्या फलाटावर बसलं की कोणीही सांगेल.

तिसऱ्या दिवशी चाचांनी इंजिनाचे सुटे भाग एका खोक्यात भरले. प्रत्येक भाग वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून, वर खडूने नाव. मोकळ्या इंजिनाच्या तोंडाला पत्रा आणि रबर लावून बंद केलं, धूळ जाऊ नये म्हणून. पार्सलसाठी टाकी रिकामी करावी लागते. घाटासाठी भरलेलं पेट्रोल तसंच होतं. म्हटलं, "चाचा, ठेवा तुम्हाला." त्यांनी ते लिटरच्या मापाने मोजून काढलं, अकरा लिटर भरलं, आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे माझ्या हातात ठेवले. मजुरी घ्या म्हटलं तर इंजिन उघडण्याचे तेवढे घेतले. "बांदलं असतं तं घेतले असते," म्हणाले. निघताना गल्ल्यातून एक पुडी काढून दिली. आत नवं तांब्याचं वायसर होतं.

टेम्पो अमरावतीच्या रस्त्याला लागला. आसेगाव गेलं, पूर्णा ओलांडली. डावी-उजवीकडे संत्र्याचे बगीचे संपून कपाशी सुरू झाली. वलगावला पेढी नदीच्या पुलावर ड्रायव्हरने हात जोडले. २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा अमरावतीला येत असताना याच नदीपाशी, गाडीतच गेले. त्यांचं जन्मगाव शेंडगाव इकडे अंजनगावच्या बाजूला, आणि उभा जन्म रस्त्यावर गेलेला. मीही हात जोडले. मागे दोर करकचले म्हणून वळून पाहिलं. गाडी नीट उभी होती.

बडनेऱ्याला पार्सल ऑफिसात हमालाने गाडीला बारदान गुंडाळलं, दाभणाने शिवलं. इंजिनाजवळ आल्यावर हात थांबवून म्हणाला, "हे रिकामं वाटते." मी खोकं दाखवलं. त्याने ते उचलून पाहिलं आणि म्हणाला, हे सोबत ठेवा, डब्यात, सीटखाली. रात्रभर ते माझ्या पायांपाशी होतं. गाडी वळण घेई तेव्हा आत क्रँक हलायचा आणि बारीक टक्‌ असं वाजायचं.