राफ्टिंगचं पाणी कुणाचं?

रविवारी पहाटे पिरंगुट-पौडवरून ताम्हिणीकडे सुसाट जाणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच कोलाडला, कुंडलिकेवर राफ्टिंगला निघालेल्या असतात. मीही जाऊन आलो. मजा येते, खोटं कशाला बोलू!

पण ते पाणी आपल्या मुळेचं आहे, हे तिथं कुणी सांगत नाही. मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात वीज करून खाली कुंडलिकेत सुटतं, म्हणून भर उन्हाळ्यातही बोट उसळते. एरवी ते भीमेतून उजनीला गेलं असतं. (सोलापूरकरांनी हे वाचून भांडायला यावं, स्वागत आहे.)

याच धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मुळशीचे शेतकरी सत्याग्रहाला बसले. बापटांना 'सेनापती' हे नाव याच लढ्यात मिळालं. धरण झालंच. जमिनी, देवळं, भातखाचरं पाण्याखाली गेली. बोटीत चढायच्या जागी एवढं लिहिलेला फलक लावायला किती खर्च येतो?

आता धरणाच्या वरच्या डोंगरांना सोन्याचा भाव आलाय. 'लेक व्ह्यू' प्लॉट! सातबारा विकायला निघालेल्या पोरांनो, आधी आजीला विचारा, तिचं माहेर त्या लेकमध्ये नेमकं कुठं आहे.