भार कमी होत नाही, वाटला जातो

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. मी जन्मभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्राशी संबंध म्हणाल तर घरातलं शिलाई मशीन, एवढाच. पण माझा थोरला नातू ओहायोला असतो आणि त्याच्याशी फोनवर बोलायचं तर गाडीवाचून दुसरा विषय निघत नाही. गाडी म्हणजे दोनच माणसं बसतील अशी, टप उघडणारी, जुनी माझ्दा एमएक्स-५. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात. १९८९ साली ही गाडी पहिल्यांदा शिकागोच्या प्रदर्शनात आली, हेही त्यानेच सांगितलं.

या गाडीला मागच्या बाजूला जाड 'स्वे बार' बसवायचा त्याचा बेत होता. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या थोरल्याचा, कडक विरोध. प्रकरण माझ्याकडे आलं. म्हटलं, निकाल देईन, पण आधी ती वस्तू काय आहे ते मला समजेल अशा भाषेत सांगा.

तर ती वस्तू म्हणजे पोलादाची एक दांडी. इंग्रजी 'यू' अक्षरासारखी, पसरट. मधला भाग गाडीच्या खाली आडवा बसवलेला, दोन टोकं डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली तर दांडी नुसती फिरते, काही करत नाही. पण एक चाक वर आणि दुसरं खाली अशी वेळ आली की दांडीला पीळ बसतो आणि ती त्याला विरोध करते. वळणावर नेमकं हेच होतं. घाटातल्या एसटीत बसलेल्यांना सांगायला नको! बस वळते, आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, बाहेरची चाकं दबतात, आतली हलकी होतात. ही दांडी ते कलणं कमी करते.

दांडी जरा जाड केली तरी फरक मोठा पडतो. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो म्हणे. म्हणजे २० मिलिमीटरची भरीव दांडी काढून २२ची बसवली तर जाडी वाढली १० टक्के, पण ताठपणा वाढला साधारण ४६ टक्के. मी कागदावर गुणाकार करून पाहिला, बरोबर आला.

मी विचारलं, "मग कलणं कमी झालं म्हणजे बाहेरच्या चाकांवरचा भारही कमी झाला ना?"

"नाही आजी, तीच तर गंमत आहे," तो म्हणाला.

आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार, हे ठरतं गाडीचं वजन किती, ते जमिनीपासून किती उंचावर आहे, डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आणि वळण किती वेगात घेतलं यावर. दांडीने त्यात जवळजवळ काही फरक पडत नाही. ती फक्त ठरवते की त्यातला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या जोडीने. जिथली दांडी ताठ, तिथल्या जोडीच्या वाट्याला जास्त.

टायरचा स्वभाव असा, की भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीने वाढत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून दोन चाकांवर ३००-३०० किलो असले तर जी पकड मिळते, ती एकावर ५०० आणि दुसऱ्यावर १०० असताना मिळत नाही. वजन तेवढंच, पकड कमी. म्हणून पुढची दांडी फार ताठ केली की गाडीचं नाक वळायला कुरकुरतं, सरळच जाऊ बघतं. मागची फार ताठ केली की मागचा भाग घसरून बाहेर येतो. नातवाची तक्रार नाकाची होती, वडिलांना भीती शेपटीची. ओहायोतल्या पावसात आणि बर्फात शेपटी सुटली तर काय, हा बापाचा प्रश्न. दोघंही आपापल्या जागी खरे होते.

या दांडीला इतिहासही आहे, आणि तो ऐकल्यावर माझ्यातली शिक्षिका जागी झाली. अमेरिकेत १९५९ साली शेव्हरोले कंपनीने कॉर्व्हेअर नावाची गाडी काढली. इंजिन मागे, त्यामुळे वजनही मागे. मागच्या चाकांची रचना अशी, की जोरात वळताना ती आत दुमडली जाऊ शकत. पुढे ही दांडी बसवली असती तर मागच्या चाकांवरचा ताण हलका झाला असता. पण पहिल्या काही वर्षांत ती नेहमीच्या गाडीत दिली नाही. त्याऐवजी टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा भरा, असं सांगितलं. हवा नेमकी भरणारे मालक किती असतील, तुम्हीच सांगा. १९६४च्या गाडीत दांडी आली. १९६५ साली राल्फ नेडर यांनी 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर लिहिलं, आणि १९६६ साली तिथे वाहनसुरक्षेचा कायदा झाला. १९७२ साली सरकारी चाचणीत असंही निघालं, की ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. वाद मिटलेला नाही. पण भार कोणाच्या वाट्याला जाणार हे आधी ठरवायला हवं होतं, एवढं मला पटलं.

आता खरी गोष्ट. ती माझ्या मनात त्या रात्री घोळत राहिली.

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा येणारे-जाणारे म्हणायचे, "कमाल आहे, तुमचं घर जराही डगमगलं नाही." दिसायला खरंच सरळ होतं. वेळेवर जेवण, वेळेवर औषधं, घरात स्वच्छता. पण ते सरळ दिसत होतं कारण धाकट्या सुनेने नोकरी सोडली होती. तिची पाठ गेली, झोप गेली. पाहुण्याला गाडी कललेली दिसत नव्हती, भार मात्र एकाच चाकावर होता. पुढे थोरला तीन महिने रजा घेऊन आला, रात्रीच्या बाईंचा पगार त्याने उचलला, लेक शनिवार-रविवार येऊ लागली. आजारपण तेवढंच राहिलं, पण घराची पकड वाढली. धाकटी पुन्हा हसायला लागली, ते मी पाहिलंय.

नातवाच्या खटल्याचा निकाल असा लागला: मागची दांडी आणायची, पण टोकाला दोन-तीन भोकं असलेली. लांबच्या भोकात जोडली तर मऊ, जवळच्या भोकात जोडली तर ताठ. सुरुवात मऊपासून, एका वेळी एकच बदल, आणि पहिली परीक्षा रस्त्यावर नाही तर मोकळ्या मैदानात, शंकू मांडून. बर्फ पडायला लागला की गाडी घरात. बापलेक दोघांनी मान्य केलं.

राहिला माझा प्रश्न. मी सत्तरी ओलांडलीय, गुडघे कुरकुरतात, पुढचं वळण कधी येईल सांगता येत नाही. माझा भार मी कमी करू शकत नाही, पण वाटणी आधी ठरवता येते. दिवाळीला तुम्ही सगळे जमणारच आहात. फराळाची ताटं मांडायच्या आधी मी हा विषय काढणार आहे. कोणी "आई, आत्ता कशाला?" म्हणायचं नाही. आणि पहिलं धाकट्या सुनेला बोलू द्यायचं.