चाकांवरचे पांढरे डाग



आज लोणचं नाही, उपवासाचा पदार्थही नाही. आज गाडीच्या चाकांबद्दल लिहिणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

हे निवृत्त झाले तेव्हा आम्ही गाडी घेतली. ह्यांना सगळ्यात जास्त आवडली ती तिची चाकं. अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे आताची मुलं ज्याला अलॉय म्हणतात ती. खाचा करड्या, वरचा भाग लेथवर कातून चांदीसारखा चकचकीत केलेला. शोरूममध्ये हे दोनदा वाकून बघत होते.

गेल्या पावसाळ्यात त्या चाकांवर पांढरे डाग दिसायला लागले. आधी कडेला एक रेघ, मग अळी सरपटत गेल्यासारख्या वेड्यावाकड्या रेघा. नखाने खरवडलं तरी निघेनात. मी थेट आमच्या अपार्टमेंटमध्ये गाड्या पुसणाऱ्या मुलाला धरलं. “काय लावलंस रे चाकांना?” तो गप्प उभा राहिला. मी त्याच्या सहाशे रुपयांतले तीनशे कापले आणि काम बंद केलं. एवढ्यावर थांबले असते तरी बरं. संध्याकाळी खाली बाकावर बसून मैत्रिणींनाही सांगितलं. महिन्याभरात आणखी तीन घरांनी त्याला बंद केलं.

पुढे मुलगा सुट्टीला आला. तो मला घेऊन मिरज रस्त्यावरच्या एका कारागिराकडे गेला. अशी चाकं नीट करणं हेच त्याचं काम. त्याने डागांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “काकू, धुण्याचा सोडा वापरता का? आणि तारेची घासणी?”

माझ्या पोटात धस्स झालं. सोड्याचा डबा माझाच होता. घासणीही माझीच. उन्हाळ्यात पाणी कमी लागावं म्हणून मीच त्या मुलाच्या हातात दिली होती. त्याने तेव्हा विचारलंही होतं, “काकू, हे चालेल का?” आणि मी म्हणाले होते, “चाळीस वर्षं भांडी घासतेय मी, मला शिकवू नकोस.”

खरं तर चाळीस वर्षं भांडी घासणारीला हे कळायला हवं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून पाणी उकळलं की ते काळं पडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. हवा लागली की या धातूवर आपोआप एक अगदी पातळ थर बसतो आणि तोच त्याला सांभाळतो. सोडा हा थर खातो, तसंच कडक अ‍ॅसिडही. कारखान्यात चाकावर आणखी एक पारदर्शक लॅकर चढवलेलं असतं. घासणीने त्यावर ओरखडे पडले, त्यातून सोडा आत गेला, मग पावसाचं पाणी गेलं आणि धातू लॅकरच्या खालून गंजत गेला. म्हणून डाग वरून पुसून जात नव्हते.

आम्ही बी.कॉम.वाल्या खर्च दिसला की आधी तो कोणत्या खात्यावर टाकायचा ते बघतो. मी तो त्या मुलाच्या नावे टाकून मोकळी झाले होते. नोंदच चुकीची होती.

घरी आल्यावर आठवलं, क्षमावाणीला मी फोनवरून किती जणांना ‘उत्तम क्षमा’ पाठवलं होतं! परदेशातल्या, वर्षानुवर्षं न भेटलेल्या नातेवाइकांनासुद्धा. रोज सकाळी सहाला आमच्या दारावरून जाणाऱ्या या मुलाला मात्र नाही. पुढच्या पर्युषणाची वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये गेले, तीनशे रुपये त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “चूक माझी होती, बाळा.” मग त्या तीन घरांची बेल वाजवून तेच सांगितलं. तिसऱ्या दारात तर जीभ उचलेना. दोन घरांनी त्याला परत बोलावलं. तिसऱ्यांनी दुसरा माणूस ठेवला होता. ते नुकसान मी भरून देऊ शकले नाही.

तो मुलगा मला काही बोलला नाही. फक्त विचारलं, “मग काकू, आता चाकांना काय वापरायचं?” त्या कारागिराला विचारून आम्ही दोघं जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहिते.

गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर चाकं गार होऊ द्यायची. तापलेल्या चाकावर साबण वाळून डाग पडतात. खाचांत मुंग्या, कोळी नाहीत ना, ते बघून त्यांना हलकेच बाजूला करायचं. चाकांची बादली आणि फडकं वेगळं ठेवायचं, नाहीतर चाकावरची कचकच गाडीच्या रंगावर ओरखडे पाडते. गाडीचा साधा सौम्य शाम्पू पुरतो. सोडा, चिंच, लिंबू, संडासाचं अ‍ॅसिड काही नको. नटांच्या खाचांना जुना टूथब्रश. पुढची चाकं जास्त काळी होतात, कारण पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो आणि झिजलेल्या लोखंडाची पूड तिथे बसते. ती आठवड्याला धुतली तर चिकटत नाही. शेवटी कोरडं पुसायचं. आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार तसेच वाळले तर पुन्हा पांढरे ठिपके.

पॉलिश लावण्याआधी आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी थोडं घासून बघा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, पॉलिश चालेल. काळं झालं नाही तर वर लॅकर आहे, तिथे धातूचं पॉलिश लावायचंच नाही. दोन्ही प्रकारांना नंतर दोन-तीन महिन्यांनी मेणाचा पातळ हात द्यावा, म्हणजे पूड चिकटत नाही. ब्रेकच्या तबकडीला मात्र मेण लागू देऊ नका. आणि डब्यावरचं नीट वाचून घ्या. काही मेणांत मधमाश्यांचं मेण असतं. कारनौबा हे ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण, ते आपल्याला चालतं. ब्रशही नायलॉनचा घ्या, काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात.

आमच्या चाकांचं काय झालं? पुन्हा लेथवर कातायची, तर दर वेळी थोडा धातू जातो, म्हणून हे फार वेळा करता येत नाही. आम्ही जुनं लॅकर काढून साधा चंदेरी रंग देऊन घेतला. पूर्वीची चमक नाही. हे काही बोलले नाहीत, पण आता गाडीपाशी वाकून बघत नाहीत.

तो मुलगा परत आमच्याकडे येतो. परवा मी त्याला काचेसाठी काहीतरी नवीन द्यायला गेले, तर म्हणाला, “काकू, आधी विचारून घेऊ या का?”

मी डबा परत घरात नेला.