उशाशी बसणारे माणूस

भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड जडते. छापील कागद दिसला की तो वाचल्यावाचून राहवत नाही; मग ती लग्नपत्रिका असो, पुड्याचा कागद असो की विम्याचे करारपत्र. आमच्या धाराशिवच्या महाविद्यालयात सामूहिक आरोग्यविम्याचे कागद दरवर्षी येतात. स्टाफरूममधली मंडळी हप्त्याचा आकडा पाहतात, सह्या ठोकतात आणि चहाकडे वळतात. मी मात्र ते पहिल्या पानापासून वाचते. इंग्रजीत असतात खरे. पण आमच्या काही समीक्षकांपेक्षा पुष्कळच सुबोध!

त्यातले एक कलम मला पाठ झाले आहे. आरोग्यविम्यातून कंपन्यांना काय वगळता येईल, याचा ठरावीक मजकूर विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली घालून दिला. त्यातले हे पाचवे. माणसाला आंघोळ घालणे, कपडे चढवणे, हिंडवणे-फिरवणे अशी निगा घरी राखा की शुश्रूषागृहात, तिचा खर्च मिळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. आता तुम्हीच सांगा, माणूस म्हातारा होतो म्हणजे आणखी काय होते? हीच कामे एकेक करून त्याच्या हातून सुटत जातात!

माझ्या सासूबाई ब्याऐंशीव्या वर्षी कळंबच्या घरी उंबऱ्याला अडखळून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली, नऊ दिवस दवाखान्यात गेले. माझ्या नोकरीच्या विम्यात सासूसासऱ्यांची सोय असल्याने बिल सुरळीत भागले. विम्याला मी उगाच नावे ठेवणार नाही. पण दहाव्या दिवशी त्या घरी आल्या त्या अंथरुणाला खिळूनच. त्याला आता दोन वर्षे होतील. त्या नऊ दिवसांना विमा होता, या दोन वर्षांना जाऊबाई आहेत.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. हवेची गादी फुगलेली आहे ना, ते पाहायचे. पेज भरवायची, ठसका लागू द्यायचा नाही. रात्री दोनला हाक आली की उठायचे. शुश्रूषा या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’. वर्गात हे सांगितले की मुले वहीत उतरवून घेतात. जाऊबाईंना ही व्युत्पत्ती ठाऊक नाही. त्यांना हाक मात्र भिंतीपलीकडून ऐकू येते. त्या पूर्वी शिवणकाम करीत. यंत्रावर आता कापड झाकले आहे. मी दरमहा पैसे पाठवते, आणि घरात मला ‘सासूचे करणारी’ म्हणतात!

सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. मोठीच गोष्ट. पण तीही दवाखान्याच्या खाटेची. सोबतीला किंमत असते हे सरकारला ठाऊक नाही असे नव्हे. केंद्राच्या नोकरीत कर्तव्यावर असता पूर्ण अपंगत्व आलेल्यास सतत सोबतीसाठी भत्ता आहे. २०१७ साली तो दरमहा ६,७५० रुपये झाला. म्हाताऱ्या आईबापांसाठी मात्र आपल्याकडे सून नावाची जुनी योजना चालू आहे, आणि तिला हप्ता नाही.

जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा वेगळा विमा सक्तीचा केला. हप्ता नोकर आणि मालक मिळून भरतात. मालक कुरकुरले, तेव्हा त्यांची भरपाई म्हणून सॅक्सनी सोडून साऱ्या प्रांतांनी एक धार्मिक सुटी रद्द केली. जपानने २००० साली तसाच विमा आणला. तिथे चाळिशी गाठली की हप्ता सुरू. स्टाफरूममध्ये मी हे सांगितले आणि विचारले, “आपण कुठली सुटी सोडू या?” एकदम शांतता पसरली. पंचांगाची पाने उलटली गेली, पण एकही सुटी कोणाला नकोशी वाटेना. अखेर पुढच्या करारात घरच्या शुश्रूषेचे कलम जादा हप्त्याने घालता येईल का, असे पत्र कंपनीला धाडायचे ठरले. पत्राचा मसुदा अर्थातच मराठीच्या बाईंकडे.

मसुद्यात मी एक वाक्य जादा घातले आहे: पैसे, जो प्रत्यक्ष करतो त्याच्या नावे जमा व्हावेत. नाहीतर विमा नोकरी करणारीचा आणि पाठदुखी दुसरीची! जर्मनीत घरी सेवा करणाऱ्या नातेवाइकाच्या निवृत्तिवेतनात विमा भर घालतो. हे जाऊबाईंना सांगितले तर त्यांनी भाकरी थापता थापता विचारले, “आन् सुटी?”

“तीही मिळते. तेवढ्या दिवसांच्या बदली माणसाचे पैसे विमा देतो.”

“मग तू ये की बदली.”

तेव्हा या दिवाळीत मी कळंबला आहे. जाऊबाई चार दिवस माहेरी, बार्शीला. जाताना त्यांनी सूचना दिल्या त्या तोंडीच: पेज कोमट पाहिजे, उजव्या कुशीवर फार वेळ ठेवायचे नाही, आणि वर सरकवताना काखेत धरून ओढायचे नाही, खालच्या चादरीला दोन्हीकडून धरून उचलायचे. “एकटीला जमत नाही,” त्या म्हणाल्या, “शेजारच्या काकूंना हाक मार. मी तेच करते.”