वजा चोवीस हजार पाचशे छत्तीस

दिवाळीच्या सुट्टीत वणीला गेलो की पहिले दोन दिवस माझ्या नावावर एकच काम असतं, माळा साफ करणं. यंदा माळ्यावरून तांब्याचा बंब उतरवला, दोन फवारणी पंप उतरवले आणि त्यांच्यामागून गोणपाटात गुंडाळलेला बापूकाकांचा कॉम्प्युटर निघाला.

बापूकाका म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. गावात त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. एका खोलीत चार मशीन, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि दारात चपलांचा ढीग. पुढे एमएस-सीआयटीची लाट आली, तेव्हा क्लास बरा चालला. मग घरोघरी मोबाईल आले आणि तो बंद पडला. मी सहावीत असताना पहिलं ‘प्रिंटएफ’ त्यांच्याच खोलीत लिहिलं. आज पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून पोट भरतोय त्याची सुरुवात तिथली. मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले. ऑक्सिजनची धावपळ मी फोनवरून केली, शेवटचं भेटणं राहिलं.

आप्पांचं आणि त्यांचं भांडण नव्हतं, पण सूरही नव्हता. वाटणीच्या पैशातून काकांनी द्राक्षबाग वाढवायची सोडून नाशिकहून जुनं ४८६ मशीन आणलं, हे आप्पांना कधी पटलं नाही. काकांनी त्या मशीनवर शेतमालाच्या पट्टीचा हिशोब करणारा प्रोग्रॅम लिहिला होता, ‘सी’मध्ये. आप्पांनी तो एकदाही चालताना पाहिला नाही. “माझी वही बरी,” एवढंच म्हणायचे.

गोणपाट सोडताना आप्पा ओट्यावरून म्हणाले, “भंगारवाल्याला दे.” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “चालतो का बघ आधी.”

मशीन चालू करताच लांब बीप आला. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासल्या, परत बसवली. पडदा उजळला आणि सीमॉस चेकसम एररची तक्रार आली. बोर्डावरची बॅटरी मेली होती. त्यामुळे मशीनला हार्ड डिस्क किती मोठी आहे हेही आठवत नव्हतं. बायोसमध्ये जाऊन ऑटो डिटेक्ट केलं आणि डॉस सुरू झालं. तारीख विचारली, मी नुसतं एंटर दाबलं. हे एंटर मला पुढे महागात पडलं, पण ते नंतर सांगतो.

टर्बो सीचा निळा पडदा उघडला. आपल्याकडे इंजिनिअरिंग किंवा बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्या कुणालाही हा निळा रंग वेगळा सांगावा लागत नाही. बोरलँडने पहिलं टर्बो सी १९८७ मध्ये आणलं आणि आपल्या लॅबमध्ये ते पुढची कित्येक वर्षं मुक्कामाला राहिलं. मी २०१५ ला पहिल्या वर्षात गेलो, तेव्हाही विंडोजमध्ये डॉसबॉक्स टाकून आम्ही तेच वापरत होतो. टेबलावर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ असायचं. पण खऱ्या ४८६ वर, जाड बटणांच्या कीबोर्डवर टर्बो सी चालवायची माझी बारावीनंतरची ही पहिलीच वेळ.

काकांच्या फोल्डरमध्ये तीन सोर्स फाइल मिळाल्या. मेन, नावे आणि छापा. नावं रोमन लिपीत, पण मराठी. ‘मेन’ उघडली, ऑल्ट-एफ९ दाबलं. पहिलीच एरर : ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’, आणि पुढे एसटीडीआयओ डॉट एच.

ही सोपी. ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज उघडल्यावर कळलं, काकांनी सगळे पत्ते डी ड्राइव्हचे दिले होते. या मशीनमधली दुसरी डिस्क त्यांनी कधीतरी काढून क्लासच्या दुसऱ्या मशीनला लावली होती आणि ते मशीन विकलं गेलं होतं. सी ड्राइव्हवर टर्बो सीची आणखी एक प्रत होती, इन्क्लूडचा पत्ता तिथला दिला. कंपाइल झालं. मग एफ९, म्हणजे मेक. आता लिंकर म्हणाला, सीझिरोएस डॉट ओबीजे उघडता येत नाही.

आमच्या वर्गात ही फाइल सगळे ‘सीओएस’ वाचायचे. मधला तो ओ नाही, शून्य आहे. आपण म्हणतो प्रोग्रॅम मेनपासून सुरू होतो, पण मेनला हाक मारायलाही कुणीतरी लागतं. स्टॅक लावणं, कमांड लाइन वाचणं ही तयारी करून मेनला बोलावणारा तुकडा म्हणजे ही फाइल. मी इन्क्लूडचा पत्ता बदलला होता, लायब्ररीचा राहिला होता. तोही बदलला.

आणि मग खरी अडचण आली. ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल अंडरस्कोर वजावट इन मॉड्यूल मेन डॉट सी.’

कंपायलर आणि लिंकर यांत फरक काय, हे मला काकांनी सहावीत सांगितलं होतं. कंपायलर एका वेळी एकच फाइल बघतो. ‘वजावट नावाचं फंक्शन आहे, दोन आकडे घेतं, एक देतं’ असं वर लिहून ठेवलं की तो विश्वास ठेवतो आणि पुढे जातो. त्याच्यासाठी घोषणा पुरते. लिंकर सगळे तुकडे जोडायला बसतो आणि विचारतो, वजावट कुठाय? हजर करा. काका म्हणायचे, कंपायलर लग्नपत्रिका तपासतो आणि लिंकर पंगतीला पानं मोजतो. गंमत म्हणजे १९५२ मध्ये ग्रेस हॉपर यांनी ज्या ‘ए-झिरो’ला कंपायलर म्हटलं, तो आजच्या भाषेत बराचसा लिंकर-लोडरच होता. तयार तुकडे शोधून जोडायचा.

वजावटीची फाइल मात्र डी ड्राइव्हवर होती. म्हणजे नव्हतीच. फ्लॉपीचा डबा उघडला तर फ्लॉपींना बुरशी आलेली. फोल्डरमध्ये ओबीजे फाइलही नव्हती. मेनमध्ये त्या फंक्शनची फक्त एक ओळ होती : नग किती आणि अडतीचा टक्का किती, हे घेऊन रुपये परत द्यायचे. आत काय होतं, ते काकांबरोबर गेलं.

“काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“काकांनी पट्टीतून काय काय वजा करायचं ते एका फाइलीत लिहिलं होतं. ती फाइल नाहीये.”

“मग त्यात काय? मी सांगतो की.”

आणि आप्पा सांगायला लागले. हमाली नगावर. तोलाई नगावर, पण तिचा दर वेगळा. गाडीभाडं क्रेटवर, पण गाडी अर्धी भरली तरी ठरलेल्याहून कमी द्यायचं नाही. अडत एकूण रकमेवर टक्क्याने. मी म्हटलं, आप्पा, फळं-भाजीपाल्याची अडत तर २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असं ठरलंय, खरेदीदाराने द्यायची. तर म्हणाले, “आत्ताचं नको सांगू मला. बापूने लिहिलं तेव्हा घ्यायचे ना? मग घाल. आजच्याला टक्का शून्य टाक.” आयुष्यात कीबोर्डला हात न लावलेल्या माणसाने मला पॅरामीटर म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

मी वहीवर उतरवून घेत होतो. मध्येच ते थांबले. “हे मी एकदा सांगितलेलंय,” म्हणाले. “बापू असाच वही घेऊन बसला होता. आख्खी संध्याकाळ खाल्ली माझी. भाडं कसं, अमकं कसं, अर्धी गाडी असली तर काय. मी वैतागून उठून गेलो होतो. मला वाटलं, हा आपल्या हिशोबात खोट काढतोय.”

मी काही बोललो नाही. खाली मान घालून फंक्शन लिहीत राहिलो. काकांच्या अंदाजात किती ओळी असतील कुणास ठाऊक, माझ्या अठरा झाल्या. नवी फाइल प्रोजेक्टमध्ये घातली, एफ९ दाबलं. लिंक झालं.

आप्पांना खुर्ची ओढून दिली. परवाच पिंपळगावला टोमॅटो दिले होते, त्याचीच पट्टी घातली. नग १००, भाव ४१०. एंटर.

एकूण रक्कम : वजा २४५३६.

मी शिवी घालणार, तेवढ्यात आप्पा शांतपणे म्हणाले, “उलटी पट्टी आली की.”

त्यांना त्यात चूक दिसलीच नाही. माल द्यायचा आणि खर्च वजा जाता आपणच व्यापाऱ्याला पैसे द्यायचे, हे आमच्या घराने पाहिलेलं आहे. वजा आकडा पाहून माझ्या डोक्यात बग आला, त्यांच्या डोक्यात एक जुनं वर्ष आलं. “चूक आहे हो, आप्पा,” मी म्हटलं. “शंभर चोक चारशे दहा, एक्केचाळीस हजार व्हायला पाहिजेत.” गडबडीत पाढा चुकला, ते हसले.

कारण मला माहीत होतं. टर्बो सीमध्ये इंट १६ बिटांचा असतो. ३२७६७ च्या पुढे गेला की आकडा फिरून वजात येतो. ४१००० मधून ६५५३६ गेले, उरले वजा २४५३६. काकांच्या काळात आमच्या एका पट्टीला बत्तीस हजार होतच नव्हते, त्यांनी इंट घेतला यात नवल नाही. छापा फाइल उघडली, एकूण रकमेचा प्रकार ‘लाँग’ केला, सेव्ह केलं, चालवलं.

वजा २४५३६.

पुन्हा पाहिलं. लाँग लिहिलेलं होतं. पुन्हा चालवलं. तेच. वैतागून छापामध्ये मुद्दाम एक अर्धविराम उडवला, तरी कंपायलरने हूं की चूं केलं नाही! म्हणजे तो ही फाइल बघतच नव्हता. डॉसला जाऊन डिर केलं, तेव्हा उलगडलं. मी आत्ता सेव्ह केलेल्या फाइलीची तारीख होती १ जानेवारी १९८०. बॅटरी मेलेली, सुरुवातीला मी तारीख न घालता एंटर दाबलेलं. मेक हा तारखा बघून काम करतो. सोर्स ओबीजेपेक्षा नवी असेल तरच पुन्हा कंपाइल करायचं. काकांची ओबीजे २००१ ची. मशीनच्या लेखी माझी दुरुस्ती काकांच्या कामाच्या एकवीस वर्षं आधीची होती, मग तिची दखल कशाला घ्यायची?

आजची तारीख घातली, अर्धविराम परत लावला, सेव्ह केलं, एफ९. या वेळी छापा कंपाइल होताना दिसली.

वजा २४५३६.

आता मात्र घाम फुटला. कागदावर मांडून पाहिलं तेव्हा कळलं. उत्तर लाँगमध्ये ठेवतोय खरं, पण नग इंट आणि भावही इंट. सी आधी गुणाकार करतो, तो इंटमध्येच, आणि फिरून बसलेलं उत्तर मग मोठ्या डब्यात ठेवतो. डबा मोठा करून उपयोग नाही, माप आधीच सांडलेलं. नगाच्या आधी कंसात लाँग लिहिलं.

वजा २४५३६.

आप्पा म्हणाले, “राहू दे आता, जेवून घे.” मी उठलो नाही. छापण्याच्या ओळीत अजून ‘परसेंट डी’च होतं. प्रिंटएफ आपण सांगू तेवढंच उचलतो. त्याने चार बाइटमधले खालचे दोनच वाचले आणि त्या दोन बाइटचा अर्थ पुन्हा वजा २४५३६. आजचे कंपायलर या ओळीवर तिथल्या तिथे इशारा देतात, आणि मला त्या इशाऱ्यांची इतकी सवय झालीय की ओळ स्वतः वाचायची असते हेच विसरलो होतो. एक ‘एल’ वाढवला.

एकूण रक्कम : ४१०००.

तीन वेगळ्या चुका, आणि तिन्हींचा आकडा एकच. एक चूक दुरुस्त केल्यावर उत्तर बदललं नाही, म्हणून ती दुरुस्ती खोटी ठरत नाही. ऑफिसात मी नेमकं हेच करतो. एक गोष्ट बदलतो, फरक पडला नाही की ती परत फिरवतो आणि दुसरीकडे खणायला लागतो. त्या रात्री लाँग परत इंट केला असता, तर सकाळपर्यंत गोल फिरत बसलो असतो.

आप्पांना काही वेगळंच लागलं असावं. जेवताना ते म्हणाले, “आम्ही दोघंही तसेच होतो. त्याचंही उत्तर ठरलेलं, माझंही.” आईने ताटात भाकरी वाढली आणि विषय संपला.

या प्रोग्रॅमचा आता कुणाला उपयोग नाही. आजकाल व्यापारी पट्टीचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतात. प्रिंटरची रिबन वाळलेली होती म्हणून छापता आलं नाही. आप्पांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि निळसर पडद्याचा एक फोटो घेतला, हललेला. मी दुसरा काढून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. हार्ड डिस्कवरचं सगळं उतरवून घ्यायचं बाकी आहे. ते पुढच्या फेरीत, छाटणी आटोपल्यावर.

सकाळी चहा घेताना त्यांनी तो फोटो आणि आपली वही शेजारी ठेवली होती. बोटाने एकेक आकडा जुळवत होते. मी निघायच्या तयारीत बॅग भरत होतो.

“निव्वळ रकमेत फरक येतोय,” म्हणाले. “वाराई घातली नाही तू.”

“तुम्ही सांगितलीच नाही.”

त्यांनी वहीचं पान माझ्याकडे फिरवलं. “बापूला सांगितली होती,” म्हणाले. “बस कितीची आहे तुझी?”

मी बॅग खाली ठेवली आणि मशीन पुन्हा चालू केलं. या वेळी आधी तारीख घातली.